सासूबाईंचं तेल, सुनेची धास्ती

"घरचंच आहे, झाडपाल्याचं आहे, मग बाळाला लावलं तर काय बिघडतं?" रत्नागिरीतल्या माझ्या खोलीत हा प्रश्न सतत येतो. विचारणारी बहुधा बाळंतीण असते आणि खरा प्रश्न तिच्या ओठावर अडलेला असतो: सासूबाईंना नाही कसं म्हणू?

गुहागरकडची एक मुलगी तीन महिन्यांचं बाळ घेऊन आली. नवरा मुंबईला. बाळाच्या मानेच्या घडीत, काखेत लाल चट्टे. डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलेलं. घरात मात्र कापूर घातलेलं खोबरेल, वर हळद-बेसन, शेवटी लव जावी म्हणून कणकेचा गोळा, हे रोज चालूच. "बोलले तर अबोला, गप्प बसले तर बाळाचे हाल."

तिसऱ्या खेपेला सासूबाईंना बोलावलं. चूक कोणाची, हे मी काढलंच नाही. घरातल्या प्रत्येक हट्टामागे एक जुनं भय असतं, असं मी मानते. म्हटलं, "कसं चोळता, दाखवा ना." त्या खाली बसल्या, पाय लांब केले, बाळाला नडग्यांवर घेतलं. हात गार तर नाही ना, म्हणून आधी तळवा स्वतःच्या गालाला लावून पाहिला. सून ते टक लावून बघत होती. हात फिरता फिरता त्या म्हणाल्या, "माझी पयली पोर सर्दीन घुसमटली होती. तेव्हापासून कापराशिवाय हात चालत नाय माझा."

सुनेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी घाईने काही बोलले नाही, याचं आजही समाधान वाटतं.

मग सांगितलं. कापूर त्वचेतून आणि श्वासातून अंगात जातो, तान्ह्या बाळाला त्याने आकडी येऊ शकते. दोन वर्षांपर्यंत तो नकोच. सर्दीत धाप लागली, छाती आत ओढली गेली, तर थेट दवाखाना. बेसन, साय, कणीक चट्ट्यांवर घासू नये: सोललेल्या त्वचेतून शिरलेल्या अन्नाची पुढे ॲलर्जी जडू शकते. लव आपोआप गळते. कडुनिंबाचं तेल तर पोटात जाताच कामा नये. चट्टे बरे झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, नुसतं खोबरेल, तेही आधी हातावर थोडंसं लावून एक दिवस थांबायचं. आणि चोळणार सासूबाईच.

महिन्याने दोघी आल्या. मान स्वच्छ होती. कापराची डबी आता देवघरात असते, आरतीपुरती.