खेळाडूंच्या कार्डांचा धंदा: आधी वही, मग भांडवल

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ भांड्यांचे दुकान चालवणाऱ्या एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा बारावी वाणिज्य शाखेत आहे. तो क्रिकेटपटू आणि फुटबॉलपटूंची कार्डे विकत घेतो आणि वडिलांच्या नावाने उघडलेल्या खात्यातून ऑनलाइन विकतो. चौदा महिन्यांत त्याने ५८ हजार रुपयांची कार्डे घेतली आणि ६७ हजारांची विकली; त्यांतले एक कार्ड एकट्याने ३१ हजारांना गेले. सुमारे तीनशे कार्डे अजून घरात आहेत. आता त्याला कॉलेजला न जाता हाच धंदा करायचा असून त्यासाठी दोन लाख रुपये हवे आहेत. ‘हा धंदा आहे की जुगार, आणि पैसे द्यावेत की नाही?’ असा वडिलांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

पत्रातील एक वाक्य आपण तक्रार म्हणून लिहिले आहे, पण मला ते सर्वांत आशादायक वाटले. चिरंजीव रात्री टेबल लॅम्पखाली एकेक कार्ड तिरके धरून तासन्‌तास न्याहाळत बसतात, असे आपण म्हणता. पृष्ठभागावरचा बारीक चरा तिरक्या उजेडातच दिसतो. चित्र चौकटीच्या मधोमध आहे का, चारही कोपरे टोकदार आहेत का आणि कडा कुठे पांढऱ्या पडल्या आहेत का, यांवर कार्डाची प्रत ठरते. हेच तपासून कार्डाला दहापैकी अंक देणाऱ्या आणि ते प्लास्टिकच्या कवचात बंद करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि नऊ व दहा या अंकांमधला भावाचा फरक कित्येकदा काही पटींचा असतो. आपण पातेल्याचा काठ बोटाने चाचपून पाहता, ते वाजवून पाहता. चिरंजीव कागदाच्या बाबतीत तेच शिकत आहेत. माल पारखण्याची नजर पुस्तकातून येत नाही.

मात्र नजर असणे आणि धंदा होणे यांत अंतर आहे, आणि ते आपण दिलेल्या आकड्यांतच दिसते. ३१ हजारांचे ते कार्ड बंद पाकिटातून निघाले, असे आपण लिहिले आहे. ते बाजूला ठेवले तर ५८ हजारांच्या खरेदीवर ३६ हजारांची विक्री उरते. बंद पाकीट फोडणे ही सोडत आहे, कारण आत काय निघेल हे कोणाच्याही पारखेवर अवलंबून नसते. सुटे कार्ड नीट पाहून, अलीकडे तसे कार्ड किती रुपयांना विकले गेले हे तपासून घेणे आणि थोड्या नफ्यात काढणे हा व्यापार आहे. आपला प्रश्न ‘धंदा की जुगार’ असा आहे, पण चिरंजीव सध्या दोन्ही एकाच पेटीत करत आहेत आणि त्यांचा हिशेबही एकत्र आहे.

त्या हिशेबात कुरिअर, संकेतस्थळाची दलाली, परदेशातून मागवलेल्या कार्डांवरील सीमाशुल्क आणि परत आलेला माल यांचा उल्लेख नाही. उरलेली तीनशे कार्डे मात्र त्यांना नफ्यात पडलेली वाटतात. पुस्तपालनाच्या तासाला त्यांनी शिकलेच असेल की अखेरचा शिल्लक माल खरेदी किंमत किंवा बाजारभाव यांपैकी जी रक्कम कमी, त्या रकमेने दाखवायचा असतो. स्वतःच्या पेटीला हा नियम लावून पाहिला, तर मला वाटते परीक्षेतील ते गणित त्यांच्या कायमचे लक्षात राहील.

इथे आपल्या आणि त्यांच्या मालातला फरक ध्यानात घ्यावा. न खपलेली पितळेची कळशी शेवटी मोडीत वजनावर तरी जाते. न खपलेल्या कार्डाला रद्दीखेरीज दुसरा आधार नाही. १९५२ सालचे मिकी मँटल या बेसबॉलपटूचे कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले, ही बातमी चिरंजीवांनी आपल्याला दाखवली आहे. बातमी खरी आहे. पण त्या संचातील न खपलेली खोकी १९६० च्या सुमारास समुद्रात टाकून दिल्याची हकीकत ती कार्डे काढणाऱ्या टॉप्स कंपनीचे साय बर्गर स्वतः सांगत असत. जपून ठेवण्यासारखी वस्तू म्हणून तेव्हा कोणी तिच्याकडे पाहिलेच नव्हते. याउलट १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कार्डे बेसुमार छापली गेली आणि लोकांनी ती ‘पुढे भाव येईल’ म्हणून पेट्यांत भरून ठेवली. आज त्यांतल्या बहुतेकांना फारसे कोणी विचारत नाही. महासाथीच्या काळात पुन्हा अशीच लाट आली, आणि मार्च २०२१ मध्ये पीएसए या अंक देणाऱ्या कंपनीला तुंबलेल्या कामामुळे बहुतेक सेवा काही काळ थांबवाव्या लागल्या. सगळे जण साठा करत असताना आपणही साठा केला, तर तो कोणाला विकायचा, हा प्रश्न चिरंजीवांना अवश्य विचारावा.

फसवणुकीचा भागही आहे. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे एक अतिशय प्रसिद्ध जुने कार्ड आहे; पीएसएने अगदी प्रथम अंक दिलेले कार्ड तेच. त्याच्या कडा कापून ते नीटनेटके केले होते, अशी कबुली ते पूर्वी विकणाऱ्या लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. जाणत्यांच्या हातून असे सुटते, तर आपल्याकडे केवळ छायाचित्र पाहून पैसे पाठवताना किती सावध राहावे लागेल, हे उघड आहे.

एक गोष्ट आपल्याला तातडीने करावी लागेल. अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार भारतीय करार कायदा, १८७२ नुसार टिकत नाही, म्हणून खाते आपल्या नावाने उघडले हे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे गिऱ्हाईकाची तक्रार आणि प्राप्तिकराची विचारणा दोन्ही आपल्याकडे येतील. शिवाय जीएसटीसाठी उलाढाल पॅननुसार एकत्र धरली जाते. ही विक्री दुकानाच्या हिशेबात कशी दाखवायची, हे आपल्या सीएंना याच महिन्यात विचारावे.

दोन लाख रुपये देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. धंदा बंद करायलाही सांगू नये. परीक्षा होईपर्यंत नवी खरेदी थांबवावी; त्यानंतर घरातली तीनशे कार्डे विकून जे पैसे येतील तेच भांडवल समजावे आणि त्यातून फक्त सुटी कार्डे घ्यावीत. या बाजारात महिनेच्या महिने काही विकले जात नाही आणि मग एका आठवड्यात चार व्यवहार होतात; दुकानाच्या गल्ल्यासारखे रोज पैसे पडत नाहीत. म्हणूनच बी.कॉम. किंवा बी.एम.एस.ला प्रवेश घ्यावा, कारण कॉलेजच्या तीन-चार वर्षांत घरखर्चाचा बोजा डोक्यावर नसताना हा धंदा आजमावता येईल. तो नाही जमला, तरी वस्तूची प्रत ओळखणे, तिचे प्रामाणिक वर्णन लिहिणे, स्वच्छ छायाचित्र काढणे आणि ती न दुमडता पोहोचवणे ही कामे ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांत आणि जुनी नाणी व टपाल तिकिटे विकणाऱ्या लिलावगृहांत लागतातच. (पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत कागद वाकतो, त्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आहेत ना, तेवढे पाहावे.)

चिरंजीवांना घेऊन आपण नौपाड्यातील कार्यालयात अवश्य यावे. त्याआधी त्यांनी एका वहीत प्रत्येक कार्डाची खरेदीची तारीख, किंमत, खर्च आणि विक्री लिहावी, आणि पाकिटातून निघालेली कार्डे वेगळ्या पानावर घ्यावीत. पेटी घरी ठेवली तरी चालेल. वही मात्र सोबत आणावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक, ठाणे