आधी एक चालतं पान दाखव

प्रिय,

वेबचे नियम ठरवणाऱ्या समितीत तुझं नाव लागलं हे वाचून बरं वाटलं. पहिल्या दोन-चार बैठकांनंतर तुला प्रश्न पडेल की माणसं एवढी हुशार, मग निर्णय असे कसे? हुशारी कमी नसतेच. पण ठरवणारे बरेचदा वेगळे असतात आणि निस्तरणारे वेगळे.

वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचंच बघ. तिची ४.०१ ही आवृत्ती आली डिसेंबर १९९९ मध्ये. मग डब्ल्यू३सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं सगळा पसारा एक्सएमएल या काटेकोर भाषेच्या शिस्तीत बसवायला घेतला; त्याला नाव दिलं एक्सएचटीएमएल. कागदावर देखणं काम! प्रत्यक्षात एक्सएमएल म्हणून पाठवलेल्या पानात एक टॅग (कंसातली खूण) बंद करायचा राहिला, की फायरफॉक्समध्ये अख्खं पान गायब आणि त्या जागी पिवळ्यावर लाल अक्षरांत एरर. मी स्वतः एका सुट्या ॲम्परसँडपायी (‘&’ या चिन्हापायी) रात्र घालवली आहे. चूक माझी, पण शिक्षा वाचणाऱ्याला.

त्याची पुढची आवृत्ती, एक्सएचटीएमएल २, तर जुन्या पानांशी नातंच तोडायला निघालं होतं. २००४ मध्ये डब्ल्यू३सीच्या बैठकीत मोझिला आणि ऑपेरा हे ब्राउझरवाले म्हणाले, आहे तेच एचटीएमएल वाढवू या. ठराव ८ विरुद्ध १४ मतांनी पडला. ज्यांना ब्राउझर लिहायचा, तेच हरले! काही दिवसांतच, ॲपलची माणसंही सोबत घेऊन, त्यांनी व्हॉट-डब्ल्यूजी नावाची वेगळी चूल मांडली. २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चा गाशा गुंडाळला गेला.

म्हणून दुसऱ्या चुलीवाल्यांना संत समजू नकोस हं. २०१२ मध्ये साइट बनवणारी मंडळी वेगवेगळ्या स्क्रीनसाठीच्या चित्रांचा प्रश्न सोडवायला ‘पिक्चर’ टॅगवर खपत होती, आणि एके दिवशी व्हॉट-डब्ल्यूजीच्या मसुद्यात उतरला ‘सोर्ससेट’ हा दुसराच उपाय. लोक चिडले, आणि रास्तच चिडले. पुढे दोन्ही टिकले. ‘पिक्चर’ २०१४ मध्ये क्रोममध्ये आला, तोही त्याचा कोड लिहिण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली तेव्हा.

तेव्हा नावावरून, कंसावरून वाद रंगला की खुशाल चहा घेऊन ये. पण ‘हे जुन्या ब्राउझरमध्ये कसं दिसेल?’ असं कुणी विचारलं आणि खोलीत शांतता पसरली, तर तिथून हलू नकोस. इतिवृत्तात तो प्रश्न नोंदवून घे.

तुझ्या स्वतःच्या प्रस्तावाचं एक चालतं पान पुढच्या बैठकीआधी बनव. त्यातला मार्कअप, म्हणजे टॅगांची मांडणी, मुद्दाम अर्धवट, फाटका ठेव. काय काय मोडतं ते मला कळव.

तुझा,
एक जुना मसुदेकरी