रत्नागिरीहून ऑनलाइन लिलावात बोलेरो लावली आणि विकली गेली नाही, तरी फी द्यावी लागते का?

नोंदणीची फी घेतली असेल तर ती सहसा परत मिळत नाही. कमिशन मात्र सौदा ठरल्यावरच लागतं. चिपळुणात जुन्या गाड्यांचे व्यवहार रोज बघतो, लोकांचा हिशेब चुकतो तो कमिशनवरच्या १८ टक्के जीएसटीत. समजा दर २ टक्के आणि बोली ३ लाखांची: कमिशन ६,०००, वर कर १,०८०, म्हणजे ७,०८० गेले. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली गाडी विकायची नाही ती किंमत, लावायचे काही ठिकाणी वेगळे पैसे पडतात, तरी ती लावाच. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने चासीला धरलेला गंज फोटोत दिसला की बोली खाली येते. फक्त घेणाऱ्याने ऐनवेळी माघार घेतली तर कमिशन परत मिळतं का, हे त्या साइटच्या अटींत आधी वाचा. प्रत्येकाचा नियम वेगळा असतो.