डनच्या कवितेतील कंपास

इंग्रजी कवी जॉन डनच्या ‘अ व्हॅलिडिक्शन : फॉरबिडिंग मोर्निंग’ (निरोप : शोकाला मनाई) या कवितेचा अनुवाद करताना शेवटच्या तीन कडव्यांतील उपकरणाला होकायंत्र म्हणावे, कर्कटक म्हणावे की कंपास, असा प्रश्न विचारण्यात आला आहे.

होकायंत्र निश्चितच नव्हे. इंग्रजीत दोन्ही वस्तूंना एकच नाव असल्यामुळे हा घोटाळा होतो, आणि प्रवासाला निघालेल्या प्रियकराच्या तोंडी होकायंत्र शोभूनही दिसते. परंतु डनने त्या उपकरणाला जुळे म्हटले आहे, त्याचा एक पाय, म्हणजे मागे राहिलेली प्रेयसी, रोवलेला आणि दुसरा, म्हणजे प्रवासी प्रियकर, फिरता दाखवला आहे, तेव्हा ते भूमितीतलेच आहे. शाळेत ज्याला आपण कर्कटक म्हणतो त्याची दोन्ही टोके अणकुचीदार असतात आणि त्याचा उपयोग अंतर मोजण्यासाठी होतो. इथे वर्तुळ काढायचे आहे, म्हणून कंपासच हवा. शब्द परका आहे म्हणून बिचकण्याचे कारण नाही. सहावीतल्या मुलालाही तो कळतो.

मूळ कवितेत कंपासच्या ‘पाया’चा उल्लेख आहे, तो तसाच ठेवावा. ‘भुजा’ शास्त्रशुद्ध वाटेल, पण दूर गेलेल्याच्या दिशेने झुकणे, त्याची चाहूल घेणे आणि तो घरी येताच ताठ उभे राहणे या क्रिया भुजेला शोभत नाहीत. कंपास हातात घेऊन उघडून पाहावा: बाहेरचा पाय लांब सरकतो तसा मधलाही कलतो, आणि मिटताना दोघेही सरळ होतात.

अनुवादकाची खरी कसोटी पुढे आहे. डनने दोन हालचाली एकत्र आणल्या आहेत. पाय मिटतात तेव्हा फिरता पाय घरी, म्हणजे केंद्राशी येतो. वर्तुळ पूर्ण होते तेव्हा मात्र तो परिघावर जिथून निघाला त्याच बिंदूवर येतो, केंद्राशी नव्हे. शेवटची ओळ या दुसऱ्या हालचालीची आहे. तिथे ‘तुझ्याकडे परततो’ असे लिहिले तर वर्तुळ हातचे जाते. ‘जिथे आरंभ, तिथेच शेवट’ हा अर्थ राखला पाहिजे. त्याआधीच्या ओळीत वर्तुळाला ‘just’ हे जे विशेषण आहे त्याचा अर्थ ‘न्याय्य’ नसून ‘बिनचूक’ असा आहे.

शीर्षकात ‘विरह’ टाळावा, असे माझे मत आहे. डनचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन याच्या म्हणण्यानुसार आपला आश्रयदाता सर रॉबर्ट ड्रूरीबरोबर फ्रान्सला निघताना डनने ही कविता पत्नीला दिली. ती छापली गेली १६३३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. विरह म्हटले की अश्रू आणि उसासे ओघाने येतात, आणि नेमकी त्यांनाच या कवितेत मनाई आहे. ‘निरोप’ पुरेसा आहे. आपणही निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’च म्हणतो.

राहता राहिला प्रेयसीचा ‘firmness’ हा गुण, ज्याच्या बळावर ते वर्तुळ साधते. त्यासाठी ‘अचलता’ चालणार नाही, कारण प्रेयसी झुकते. ‘खंबीरपणा’ चालेल.