पित्त अंगावरचे आणि पित्त पोटातले

थायरॉइड किंवा इन्शुलिनसारखी संप्रेरके रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत जातात. पण काही रासायनिक दूत जेथे तयार होतात तेथेच, आसपासच्या पेशींवर काम करतात आणि थोड्याच वेळात नाहीसे होतात. हिस्टामिन, प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन हे त्यांतले प्रमुख. या वेळी निवडलेले चारही प्रश्न त्यांच्याशीच संबंधित आहेत.

प्रश्न : माझ्या अंगावर वरचेवर पित्त उठते आणि सेटिरिझीनने ते बसते. मग छातीत जळजळते तेव्हाही हीच गोळी का चालू नये? दोन्ही पित्तच ना? (शिरोळ)

उत्तर : आपल्या भाषेने दोन्ही तक्रारींना एकच नाव दिले आहे आणि गंमत अशी, की दोन्हीकडे हिस्टामिन हा एकच दूत हजर असतो. (हा योगायोग समजावा; आयुर्वेदातील पित्ताची कल्पना याहून पुष्कळ व्यापक आहे.) फरक आहे तो रिसेप्टरचा, म्हणजे दूताला ओळखून पेशीला कामाला लावणाऱ्या प्रथिनाचा. त्वचेतील, हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशींतून सुटलेले हिस्टामिन रक्तवाहिन्यांवरील एच-१ रिसेप्टरला चिकटले, की त्या सैलावतात, त्यांच्यातून द्रव पाझरतो आणि खाजणाऱ्या गांधी उठतात. जठराच्या अस्तरातील आम्ल बनवणाऱ्या पेशींवर मात्र एच-२ रिसेप्टर असतात आणि तेथे तेच हिस्टामिन आम्लाचा स्राव वाढवते. सेटिरिझीन फक्त एच-१ अडवते, त्यामुळे जळजळीवर तिचा उपयोग नाही.

जुन्या ॲलर्जीविरोधी औषधांनी जठरातील आम्ल कमी होत नाही, या कोड्यावरूनच ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी दुसऱ्या रिसेप्टरचा माग काढला. त्यातून सिमेटिडीन हे औषध आले आणि १९८८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आजची फॅमोटिडीन त्याच कुळातली. पँटोप्राझोल त्याच्याही पुढे जाऊन आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद करते.

मेंदूत हिस्टामिन माणसाला जागे ठेवते, हेही येथेच सांगितले पाहिजे. सर्दीच्या अनेक गोळ्यांत असलेले क्लोरफेनिरामिन मेंदूत सहज शिरते आणि म्हणून झोप आणते. सेटिरिझीन तेथे कमी पोहोचते, तरी काहींना गुंगी येतेच. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री हाकणाऱ्याने ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी.

प्रश्न : बाजारातून आणलेला बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात माझा चेहरा लालबुंद झाला, डोके ठणकू लागले आणि अंगावर गांधी आल्या. आमच्या वहिनींनाही तसेच झाले. एरवी मासे पचतात. ही ॲलर्जी आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : वहिनींचा उल्लेख केलात, हे फार चांगले झाले. एकाच ताटातले खाऊन दोघांना एकाच वेळी त्रास झाला असेल, तर ॲलर्जीपेक्षा हिस्टामिनची विषबाधा अधिक संभवते. बांगडा, तारली आणि कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. किनाऱ्यावरून घाट चढून येईपर्यंत बर्फ अपुरा पडला, तर जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात. येथे दूत तुमच्या मास्ट पेशींतून नव्हे, तर ताटातून आलेला असतो. रिसेप्टरला त्याचे मूळ कळत नाही. हे हिस्टामिन उष्णतेने नष्ट होत नाही, त्यामुळे मासा कितीही खरपूस तळला किंवा आमसूल लावून शिजवला तरी फरक पडत नाही. मासा वासाला ताजा वाटला तरी खात्री देता येत नाही. मात्र निदान स्वतः करू नये. कारण ॲलर्जी खरी असेल, तर पुढचा झटका जिवावर बेतू शकतो. श्वास लागला, घसा आवळला किंवा भोवळ आली, तर अशा वेळी खरे औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलिन. सेटिरिझीनच्या भरवशावर घरी थांबू नये.

प्रश्न : मुलगा तालमीत जातो. अंग दुखू नये म्हणून सरावाआधीच डायक्लोफेनॅक घेतो. जेवून घेतली तर अपाय नाही ना? (कागल)

उत्तर : अपाय आहे. दुखऱ्या जागी प्रोस्टाग्लँडिन मज्जातंतूंना अधिक संवेदनशील करतात, म्हणून डायक्लोफेनॅकने ते बनणेच थांबवले की वेदना कमी होते. ॲस्पिरिनही हेच करते, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. पण जठराचे संरक्षक अस्तर टिकवणे आणि शरीरातले पाणी घटले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणे ही कामेही प्रोस्टाग्लँडिनचीच. घामाने निथळणाऱ्या मल्लाला नेमकी त्यांचीच गरज असते. औषध रक्तात मिसळूनच जठराचे अस्तर दुबळे करते, त्यामुळे भरल्या पोटी घेऊन किंवा इंजेक्शनने घेऊनही धोका टळत नाही. थंडाईला माझी हरकत नाही. या गोळीला आहे.

प्रश्न : रक्तदाबासाठी रॅमिप्रिल सुरू केल्यापासून कोरडा खोकला जात नाही. (इचलकरंजी)

उत्तर : हे औषध ज्या विकराला रोखते, तेच विकर ब्रॅडिकायनिनचे विघटन करते. त्यामुळे ब्रॅडिकायनिन साचून श्वासनलिकेतील मज्जातंतू चाळवतात, असे मानले जाते. खोकल्याच्या औषधाने हा खोकला सहसा थांबत नाही. गोळी स्वतःहून बंद करू नये. डॉक्टर टेल्मिसार्टनसारखा पर्याय देऊ शकतात आणि त्यानंतर खोकला ओसरण्यास काही आठवडे लागू शकतात. ओठ किंवा जीभ सुजली, तर मात्र पुढची गोळी न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे.