वाढत्या वयाची मुलं घेऊन कॅनडाला येताना: दारू, गांजा आणि आपण आईबाप

ताई, तुमचा प्रश्न वाचला. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून मिसिसागाला येताय, मुलगा नववीत, मुलगी अकरावीत. "तिकडचे आईबाप मुलांना दारू, गांजा सगळं करू देतात म्हणे, मग आपली मुलं कशी सांभाळायची?" असं तुम्ही विचारलंत. मी पाचपाखाडीत वाढले आणि माझी मुलं इथल्या हायस्कूलमधून बाहेर पडली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"करू देतात" हे अर्धंच खरं. ऑन्टारियोत, म्हणजे मिसिसागा ज्या प्रांतात आहे तिथे, दारू आणि गांजा दोन्हींसाठी वय १९ लागतं. मात्र आईवडील स्वतःच्या मुलाला घरात दारू देऊ शकतात, तेवढी कायद्यात सूट आहे. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीला जेवताना थोडी वाइन देणारे शेजारी तुम्हाला भेटतील. ते बेफिकीर असतात असं समजू नका. हेच लोक दुसऱ्याच्या मुलाला थेंबही देत नाहीत, कारण तो गुन्हा आहे. मुलीला पार्टीला सोडण्याआधी समोरच्या घरी फोन करून "मोठं माणूस कोण असणार आहे?" असं सरळ विचारतात. तुम्हीही विचारा, कोणाला राग येत नाही.

गांजा १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे. दुकानं किराणा दुकानाशेजारीच असतात, बागेत वास येतो. अल्पवयीन मुलाला गांजा दिला तर १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तरीही मुलांपर्यंत तो पोचतोच. शाळांत व्हेपही दिसतं, म्हणजे ई-सिगारेट. सप्टेंबर २०२४ पासून शाळेत व्हेप सापडलं की जप्त करतात आणि लगेच घरी कळवतात. असा फोन आला तर त्या रात्री आकाशपाताळ एक करू नका. आधी मुलाचं ऐकून घ्या.

आता आपल्या लोकांबद्दल. इथल्या कितीतरी मराठी घरांत "आमच्याकडे असलं काही नाही" एवढं म्हणून विषय संपतो. ठाण्यात ते कसंबसं निभावतं, कारण सोसायटीचा वॉचमन, शेजारच्या काकू, क्लासचे सर, कोणी ना कोणी बघत असतं. इथे कोणीच बघत नाही. मूल लपवायला लागलं की पुढचं सगळं बंद तळघरात घडतं. बाजारात फिरणाऱ्या बनावट गोळ्यांत अनेकदा फेंटानिल हे अतिशय जहाल अमली औषध असतं, एक गोळीही जिवावर बेतू शकते. मित्र बेशुद्ध पडलाय आणि घरी कळेल या भीतीने पोरं ९११ (इथला आणीबाणीचा नंबर) लावत नाहीत, ही मला सगळ्यात भयंकर गोष्ट वाटते. २०१७च्या कायद्याने फोन करणाऱ्यावर आणि तिथे असणाऱ्यांवर निव्वळ ड्रग्ज जवळ बाळगल्याचा खटला होत नाही. हे मुलांना पाठ असू द्या. फार्मसीत अशा ओव्हरडोसवर उतारा म्हणून नाकात मारायचा नॅलोक्सोन स्प्रे फुकट मिळतो, तो घरात ठेवा.

आमच्या घरी नियम एकच होता: कुठूनही, कितीही वाजता फोन कर, आम्ही घ्यायला येतो, त्या रात्री एकही प्रश्न नाही. माझ्या लेकीने एकदा मध्यरात्रीनंतर फोन केला. हे तिला आणायला गेले, गाडीत फक्त "भूक लागली आहे का?" एवढंच विचारलं. बोलणं झालं दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या बश्या समोर ठेवून, आणि ते चांगलं दोन तास चाललं.

तुमच्या यजमानांनाही एक सांगा. आपल्या गेट-टुगेदरला पुरुषमंडळी तळघरात ग्लास घेऊन बसतात आणि मग तसेच गाडी काढतात. डिसेंबर २०१८ पासून पिऊन गाडी चालवणं गंभीर गुन्ह्यांत धरतात, शिक्षा झाली तर पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा हक्क, जाऊ शकतो. २१ वर्षांपर्यंतच्या चालकाला तर एक घोटही चालत नाही. मुलं हे सगळं बघत असतात.

आणि धोका विमानातून उतरल्यावरच सुरू होतो असं समजू नका. ३१ डिसेंबर २०२३च्या पहाटे कासारवडवलीच्या खाडीकाठी पोलिसांनी अमली पदार्थांच्या पार्टीवर धाड घातली, ती तुमच्याच भागात, आणि पकडलेली तरुण मुलंच होती. तेव्हा निघण्याआधीच मुलांना विचारा, आतापर्यंत काय काय पाहिलंय. घरात बोलणं जमत नसेल तर ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, तिथे समुपदेशकाची वेळ घ्या. तिकिटं काढायच्या आधीच घ्या, नंतर सामानाच्या गडबडीत राहून जाईल.