परवाना असताना परवानगी कशाला?

खानापूरकडच्या एका वाचनालयाच्या स्मरणिकेचं काम बघणाऱ्या वाचकानं विचारलंय : “ओपनव्हर्सवर चित्रं शोधायलोय. प्रत्येक चित्राखाली लायसन्स लिहिलेलं असतंय. मराठीत त्याला परवाना म्हणायचं की परवानगी? काहींवर पब्लिक डोमेन असतंय. सगळ्यालाच मोफत म्हटलं तर चालतंय काय? आणि खाली ‘सौजन्य : ओपनव्हर्स’ घातलं की झालं ना?”

नाही झालं. उत्तर शेवटच्या प्रश्नापासून देतो, कारण ‘सौजन्य : गूगल’ आणि ‘साभार : इंटरनेट’ ही दोन वाक्यं आमच्या भागातल्या प्रत्येक स्मरणिकेत, प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत वाचून माझं डोकं उठलं आहे. सौजन्य म्हणजे सुजनाचा गुण. तो दाखवायला कुणीतरी माणूस किंवा संस्था लागते, जिच्याकडे ती वस्तू आहे आणि जिनं ती आपण होऊन दिली. ओपनव्हर्सकडे चित्र नसतंच. फ्लिकर, विकिमीडिया कॉमन्स यांसारखी चित्रांची संकेतस्थळं आणि देशोदेशींची संग्रहालयं यांच्याकडची ८० कोटींहून जास्त चित्रं आणि ध्वनिमुद्रणं कुठे आहेत, एवढंच ते दाखवतं. पूर्वी क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) ही असली लायसन्सं तयार करणारी संस्था ‘सीसी सर्च’ नावानं हेच शोधयंत्र चालवायची. २०२१ साली ते वर्डप्रेसच्या प्रकल्पात गेलं आणि ओपनव्हर्स झालं. मूळ जागी जाऊन लायसन्स तपासून घ्या, असं ते स्वतःच बजावतं. खडेबाजारात ज्यानं घराचा पत्ता सांगितला, त्याला घरमालक समजून नमस्कार करण्यातला हा प्रकार आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका संस्थेच्या स्मरणिकेत हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराचा सुरेख फोटो पानभर छापला आणि खाली लिहिलं, सौजन्य : गूगल. प्रकाशनाला फोटो काढणारा तरुण तिसऱ्या रांगेत बसला होता. कार्यक्रम झाल्यावर तो संपादकांकडे गेला. संपादक भले गृहस्थ, ओशाळून म्हणाले, “चुकलंच बाबा, तुझी परवानगी घ्यायची राहिली.” त्यावर तो म्हणाला, “परवानगी कुठं मागायलोय मी, काका? नाव घाला म्हणायलोय.”

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या दोन वाक्यांत आहे. तो फोटो त्यानं विकिमीडिया कॉमन्सवर ठेवला होता, सीसी बाय-एसए लायसन्सखाली, म्हणजे नाव द्या आणि फेरफार केलात तर तोही याच अटींवर द्या. परवाना त्यानं आधीच देऊन ठेवला होता, साऱ्या जगाला. परवानगी मागावी लागते, दर वेळी, माणूस गाठून. परवाना लेखी असतो, अटींसकट असतो आणि तो असला की मालकाला गाठायचं कारण उरत नाही. लायसन्स म्हणजे परवाना. दुसरा शब्द घालू नका.

आता हा गोंधळ आमच्याकडेच जास्त का, तेही सांगतो. कन्नडमध्ये लायसन्सला ‘परवानगि’ म्हणतात. गाडीचं लायसन्स म्हणजे ‘चालना परवानगि’. बेळगाव, चिकोडी, निपाणीतला मराठी माणूस जन्मभर हे फलक आणि कागद वाचतो आणि मराठीतही “दुकानाची परवानगी काढली” असं बोलून जातो. कन्नडमध्ये ते शंभर टक्के बरोबर आहे. मराठीत मात्र या दोन शब्दांनी केव्हाच वाटण्या करून घेतल्या आहेत, आणि त्या मोडायचं काही कारण नाही.

आणि शब्द किती देखणा आहे ते बघा. रवाना आणि रवानगी ही जोडी घ्या. परवाना आणि परवानगी तशीच. दिवाना-दिवानगी, बंदा-बंदगी याच घरातल्या. नाम किंवा विशेषणाला नुसती ‘ई’ लावली की फारसीत भाववाचक नाम होतं, मग मध्येच हा ‘ग’ कुठून उपटला? उपटला नाही, तो आधीपासूनच होता. आजच्या फारसीच्या आधीची जी मध्ययुगीन फारसी, म्हणजे पहलवी, तिच्यात हे शब्द ‘ग’कारान्त होते : बंदग, परवानग. पुढे शेवटचा ‘ग’ उच्चारातून गळाला आणि बंदा, परवाना उरले. पण पाठीमागे ‘ई’ आली तिथे त्या ‘ग’ला आधार मिळाला आणि तो टिकला. इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजांच्या दरबारात उच्चारला जाणारा तो ‘ग’ आज खानापूरच्या तहसील कचेरीच्या फलकावर, कन्नड लिपीत, दोन भाषांचे लोक रोज वाचतात. हे मला पहिल्यांदा उमगलं त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला बसवून सांगितलं होतं.

त्या पहलवी ‘परवानग’चा अर्थ वाटाड्या, पुढे चालणारा. इराक-इराणमधल्या मांडाई या छोट्या धर्मपंथाच्या अरामी बोलीतही तो शब्द गेला, तिथेही अर्थ वाटाड्या, निरोप्या. तेराव्या शतकात अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सेल्जुक सुलतानांच्या दरबारात ‘परवाना’ हे चक्क अधिकाऱ्याचं पद होतं. मुईनुद्दीन सुलेमान इतिहासात परवाना म्हणूनच ओळखला जातो. राजाचे हुकूम ज्याच्या हातून जात तो परवाना, आणि मग त्याच्या हातातला कागदही परवाना. शायरीची आवड असलेले लोक सांगतात की परवाना म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग, आणि हुकुमाचा कागद तसा भिरभिरत येतो म्हणून तोही परवाना. ही व्युत्पत्ती मला साफ नामंजूर आहे. सरकारी हुकूम भिरभिरत येत नाही. तो पुढे जातो आणि मागून येणाऱ्यासाठी वाट मोकळी करतो. आधी माणूस वाटाड्या होता, नंतर कागद वाटाड्या झाला. माझी तर खात्री आहे की पतंगाचं नावही यावरूनच पडलं असावं, ज्योतीकडे सगळ्यांच्या पुढे धावणारा म्हणून. कोशकार ते दोन वेगळे शब्द मानतात. मानोत.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्सला हा अर्थ किती नेमका बसतो पाहा. चित्रकार कुठेतरी लांब असतो, झोपलेला असतो, त्याचा कागद मात्र चित्रापुढे चालत असतो : जा, छापा, नाव लिहा. अटी पाळणाऱ्याकडून तो कागद मागे घेताही येत नाही.

याला पर्याय म्हणून महाराष्ट्राच्या शासकीय मराठीनं काय दिलं? अनुज्ञप्ती. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तेव्हा फारसी ही सत्तेची भाषा होती आणि तिच्या जागी आपले शब्द उभे करणं ही राज्याची गरज होती. आज परवाना शब्द ऐकून कुणा मराठी माणसाला इराण आठवतो? ज्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश तयार करून आपल्याला ही सगळी नाती दाखवली, ते माधव जूलियनसुद्धा पुढे भाषाशुद्धीच्या बाजूनं उभे राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं. अनुज्ञप्तीचा जोडाक्षरी ‘प्त’ शाळेच्या पोराला उच्चारता येत नाही, परवाना हा शब्द मात्र बाजारातल्या भाजीवालीलाही माहीत आहे. शिवाय सीमेवरच्या माणसाला त्यात आणखी एक तोटा : परवाना कन्नड शेजाऱ्याला अर्धा तरी कळतो, अनुज्ञप्ती आपल्यालाच कळत नाही.

मोफतबद्दल थोडक्यात. मोफत म्हणजे फारसी मुफ्त, पैसे न लागणारं. फुकटही तेच, त्याचा कन्नड भाऊ ‘पुक्कटे’ आपण बाजारात रोज ऐकतो. हे दोन्ही शब्द फक्त किमतीबद्दल बोलतात, हक्काबद्दल नाही. फुकट बघायला मिळालेली वस्तू उचलून न्यायचा हक्क मिळतो असं थोडंच आहे! म्हणून सगळ्यालाच मोफत म्हणू नका.

पब्लिक डोमेनला प्रताधिकारमुक्त म्हणा, प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट. इथे ‘मुक्त’ चपखल आहे, कारण त्याचा मूळ अर्थ सुटलेला. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं प्रताधिकार चालतो (१९९१ च्या अखेरीपर्यंत ५० होती). १९६० साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ ला सुटलं. सीसी बायचं चित्र मात्र सुटलेलं नसतं, त्यावर मालकाचा हक्क कायम असतो. त्याला ‘कॉपीराइट-फ्री’ म्हणणं ही सरळ चूक.

तिसरी जात सीसी झिरो, म्हणजे मालकानं आपला हक्क स्वतःहून सोडून दिलेली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ साली आपल्याकडच्या प्रताधिकारमुक्त कलावस्तूंची पावणेचार लाख छायाचित्रं अशी सोडली. हिच्यासाठी नवा शब्द शोधत बसू नका. वाटणीच्या वेळी बहीण भावाच्या नावे जे करून देते ते हक्कसोडपत्र आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. मुदत संपून सुटलेलं वेगळं आणि मालकानं स्वतः सोडलेलं वेगळं. लिहितानाही दोन्ही वेगळी लिहा.

परवान्यातली ‘बाय’, ‘एसए’ ही अक्षरं तशीच ठेवा, कारण मूळ परवाना शोधायला तीच उपयोगी पडतात. पण ‘बाय’चा अर्थ समजून घ्या : मराठीत आपण ‘अमुककृत’ म्हणतो, तोच ‘कृत’. एसए असेल तर त्यात फेरफार करून तुम्ही जे बनवाल तेही त्याच परवान्यावर द्यावं लागतं. एनसी (व्यापारी वापर नको) लिहिलेलं असेल आणि स्मरणिका विकणार असाल, तर ते चित्र सोडून द्या. एनडी (बदल नको) असेल तर चित्रात फेरफार करून छापू नका.

चित्राखालची ओळ अशी असावी :

भूवराह नरसिंह मंदिर, हलशी. छायाचित्र : (काढणाऱ्याचं नाव). विकिमीडिया कॉमन्सवरून, सीसी बाय-एसए ४.० परवान्यानुसार. डावी बाजू कापली आहे.